चन्नप्पाचा कोट

२० सप्टेंबर १९७५, शनिवार

आज शाळेत महिला वर्षाचा कार्यक्रम झाला. आम्ही पाच शिक्षिका. दोघींनी रांगोळी काढली, दोघींनी चहा केला, मी हार आणले, आणि स्त्रियांनी पुढं यावं या विषयावर चार पुरुष बोलले. पाचवा आभार मानायला उठला. आभारात हारवाल्याचं नाव आलं, आमचं नाही.

प्रमुख पाहुणे होते साप्ताहिक 'भोंगा'चे संपादक हिंदुराव. चहाच्या वेळी मी धीर करून माझी कथा त्यांच्या हातात दिली. त्यांनी बशीतला चहा संपेपर्यंत ती चाळली आणि म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा. पण बायकांचं लिहिणं म्हणजे पावसाळी ओढा. दोन आठवडे धो धो, मग घरात कुणाचं तरी बारसं निघतं आणि आटतो." सगळे हसले. रांगोळीवाल्या दोघीही हसल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दहा आठवडे देते. एकही चुकणार नाही."

हिंदुराव म्हणाले, "दिवाळीनंतर सुरू करा. या आणीबाणीत राजकारण छापायची सोय राहिलेली नाही, पान भरायला काहीतरी लागतंच. दर मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत मजकूर टेबलावर. एक हप्ता चुकला की मालिका बंद. आणि का बंद झाली ते मी चौकटीत छापणार."

म्हणजे सोलापूरभर शोभा. घरी येताना रागानं माझे पाय इतके भरभर पडत होते की बाळीवेशीत एका सायकलवाल्याला मीच धडकले, आणि मीच त्याच्यावर ओरडले.

२८ सप्टेंबर

एक ओळ झालेली नाही.

शाळा सकाळची. दुपारी जेवणं उरकली की वरच्या माडीत जाते, कागद पुढं ओढते, आणि खालून हाक येते. आईला, म्हणजे आमच्या अव्वाला, चष्मा सापडत नाही. भावाच्या पोरांचं भांडण सोडवायचं आहे. दळण आणायचं आहे. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ रुद्रप्पा, चाटी गल्लीतल्या दुकानातून जेवायला येतो आणि जेवून दोन तास आडवा होतो. त्याला उठल्या उठल्या पाणी लागतं, ते त्याच्या डोक्याशी भरून ठेवलेलं असतं. तरी तो "पाणी" म्हणतो आणि मी उठते.

कडी लावून पाहिली. अव्वा दाराबाहेर बसून कानडीत रडली, की सासरहून परत आलेली पोर आता कडी लावून घेते, लोक काय म्हणतील. सासरहून येऊन मला अकरा वर्षं झाली. नवऱ्यानं विजापुरात दुसरी आणून ठेवली, म्हणून मी आले. लोकांना जे म्हणायचं होतं ते म्हणून झालंय.

वहिनीची तेवढी हाक येत नाही. शिवम्मा बोलतेच कमी. खाली बसून धान्य निवडत असते.

५ ऑक्टोबर, रविवार

आज एक गोष्ट नीट पाहिली, आणि पाहून डोकं उठलं.

दुपारी अण्णा झोपला होता. काही करत नव्हता, नुसता घोरत होता. पोरं आवाज करायला लागली तशी अव्वानं त्यांना चिमटा काढला, "गप्प, अण्णा झोपलाय." सगळं घर चवड्यावर चालत होतं. अप्पा, माझे वडील, होते तेव्हा त्यांच्या लिंगपूजेचं असंच. ते पाटावर बसले, तळहातावर लिंग घेतलं, की भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. पूजेचा मान म्हणावं, तर लिंग माझ्याही गळ्यात आहे. मीही रोज आंघोळ करून पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही. पण माझ्या हातात लिंग असताना अव्वा खुशाल विचारते, "गूळ कुठं ठेवलास गं?"

म्हणजे मान झोपेचा नाही आणि पूजेचाही नाही. कोण बसलंय, त्याचा आहे.

हे मी संध्याकाळी अव्वाला तोंडावर सांगितलं. ती रागावली नाही. तांदळातला खडा काढता काढता म्हणाली, "तू पोटात होतीस तवा चन्नप्पा नाव ठरवून ठेवलं हुतं. पाळण्याची दोरी बी आणली हुती. झालीस तू. त्याला मी काय करू?"

चौतीस वर्षं ऐकतेय हे. दर वेळी वाटतं, मी त्याची जागा अडवून बसलेय. आज पहिल्यांदाच वाटलं, त्यानं माझी अडवलीय. ठीक आहे. ये म्हणावं. ये आणि लिही.

१० ऑक्टोबर

माडीत खुंटीवर अप्पांचा काळा कोट आहे. ते गिरणीच्या कचेरीत हाच घालून जायचे. अव्वानं कुणाला दिला नाही आणि धुतलाही नाही. विभूतीचा आणि तपकिरीचा वास अजून आहे. दुपारी तो साडीवरून चढवला. बाह्या लांब झाल्या, त्या दुमडल्या. खुर्चीत टेकून बसले, अण्णा बसतो तशी, पाय ऐसपैस.

चन्नप्पा कसा असेल ते आधी ठरवलं. त्याला भूक लागली तर तो सांगतो, उठत नाही. त्याला घरातला गूळ कुठं आहे ते माहीत नाही. त्याला हाक ऐकू येत नाही. त्याच्या मनात येईल ते तो बरोबर धरून चालतो आणि नंतर तपासतो. ही शेवटची सवय मला फार आवडली. मी एक ओळ लिहायची आणि तीन खोडायची, त्यानं दोन पानं लिहिली.

मग खालून आली अव्वाची हाक, इकडं ये, वर काय करतेस म्हणून. "गौरी, बा इल्ली! मेले एन माडाकत्ती?"

मी ओरडले. आवाज कुठून काढला कोण जाणे, छातीतून निघाला. "लिहितोय! दिसत नाही?"

खाली एकदम शांत. पोरंसुद्धा गप्प. पाच वाजेपर्यंत कुणी हाक मारली नाही. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा कोट काढून खुंटीला लावला आणि खाली गेले. अव्वा माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं बघत होती.  वहिनीनं माझ्या वाटणीची धुणी पिळून वाळत घातली होती.

१२ ऑक्टोबर

वहिनीला कळलं. घरात तिलाच डोकं आहे. आज दुपारी माडीच्या दाराशी पेला वाजला आणि तिचा आवाज आला, "चन्नप्पा, च्या ठेवलाय दाराशी."

मला हसू फुटलं, पण चन्नप्पा हसला नाही. "हं" म्हणाला.

संध्याकाळी चुलीपाशी ती म्हणाली, "बरं केलंत अक्का. बाप्या व्हायला एक कोट पुरतो, हे मला ठावंच नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "मला वाचाया शिकवता का? मराठी. कानडी मला येतं की, चौथीपातूर शिकलीय मी. पण तुमी लिवलेलं छापून आलं तर मला वाचाया यायला पायजे. रोज थोडा येळ. दुपारचं."

मी म्हटलं, शिकवते. का नाही शिकवणार? शाळेत चाळीस पोरांना शिकवते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला हप्ता दिला. हिंदुरावांनी घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सहाला बराच वेळ होता.

गोष्ट सोनाबाईची आहे. मोठ्या घरातली सून. सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या नंतर जेवते, आणि घरात तिच्या नावानं एकही वस्तू नाही. लिहिताना मला इतका संताप येतो की कागद फाटतो. दिवाळीचा फराळ चालू असतानाही चन्नप्पा रोज बसला. पाडव्याला बसला, भाऊबीजेला बसला. अण्णा ओवाळून घ्यायला पाटावर बसून राहिला आणि बहीण अर्ध्या तासानं आली. तो तणतणला. मी म्हटलं, काम होतं. तो म्हणतो तसंच म्हटलं. 

करंज्या, कडबू, शेव सगळं वहिनीनं एकटीनं केलं, पण तिला त्याची सवय आहे.

२५ नोव्हेंबर

तीन हप्ते झाले. शाळेत बायका मधल्या सुट्टीत 'भोंगा' वाचतात. एकीनं डोळे पुसले. चहाच्या वेळी हसली होती तीच. हेडमास्तरांनी विचारलं, "ही सोनाबाई कोण हो?" मी म्हटलं, "तुमच्याही घरी असेल, बघा."

वहिनी रोज विचारते, "सोनाबाई पुढं काय करती?" मी थोडं सांगते. तिला सगळं ऐकायचं असतं. ती काय जेवली, कोण काय बोललं, ती का गप्प बसली. काल म्हणाली, "ती गप बसत न्हाय अक्का. तिला कुणी इचारतच न्हाय, म्हणून तसं वाटतंय." चांगलं वाक्य होतं. चन्नप्पानं ते लगेच चौथ्या हप्त्यात घातलं.

वाचायचं तिनं पुन्हा काढलं. मी अजून 'क'सुद्धा काढून दिलेला नाही. पण दुपार एकच आहे, आणि मंगळवार कुणासाठी थांबत नाही. म्हटलं, दहा हप्ते होऊ देत. ती म्हणाली, "व्हय, होऊ दे की."

९ डिसेंबर

संताप. या घरात कुणाला कशाची किंमत नाही.

आज पाचवा हप्ता द्यायचा होता. शेवटचं पान अडलं होतं. चहा आला नाही. मी खाली आवाज दिला, आला नाही. दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा चन्नप्पा असा कडाडला की शेजारची दगडाबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "काय झालं वं?" मग वहिनी चहा घेऊन आली. डोळे लाल, हाताला चिंधी. सुपात डोकं टेकून झोप लागली होती म्हणे. उठून घाईनं चहाचं पातेलं धरलं तर चटका बसला. धान्य निवडताना माणसाला झोप येतेच कशी? चहाही गार होता.

पण हप्ता वेळेत दिला.

हल्ली वहिनीचं कामात लक्षच नाही. भाकरी जाड होते, आमटीत मीठ दोनदा पडतं. अण्णा तिच्यावर ओरडतो. मला त्याचा संताप येतो. चटका तिला बसलाय आणि हा मिठाचं बोलतोय. मी त्याला तसं सुनावलंही. वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का. तुमी वर जावा."

२३ डिसेंबर

हिंदुराव बदललेत. खुर्ची देतात. म्हणाले, "अंक वाढवून छापावा लागतोय. पण शेवट काय करणार आहात? सोनाबाई विहिरीत उडी घेऊ दे. लोक रडतील."

मी म्हटलं, "विहिरी आटल्यात."

पण शेवट मलाही माहीत नाही. तिनं काय करावं? घर सोडावं, तर जाईल कुठं? माझ्यासारखी भावाकडं? चन्नप्पाला विचारलं. चन्नप्पा म्हणतो, बाईचं काय ते बाईलाच ठाऊक. हरामखोर.

३० डिसेंबर

येळवस परवावर आली. अमावस्येला सगळं घर वळसंगच्या वाटेवरच्या शेतात जातं, कडब्याच्या खोपीत लक्ष्मी मांडून पूजा होते, आणि मग शिवारभर जेवणं. त्याचा स्वयंपाक म्हणजे दोन दिवसांचा कुटाणा. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगांच्या पोळ्या, हुग्गी, आणि टोपलीभर कडक भाकऱ्या. दरवर्षी आम्ही दोघी करतो.

पण आज मंगळवार. आठवा हप्ता. अव्वा जिन्यात उभी राहून म्हणाली, "आज तरी खाली ये गं, शिवम्मा एकटी हाय." मी कोटाची बटणं लावली. हिंदुरावांची चौकट माझ्या डोळ्यांपुढं आहे. 'घरात सण निघाला, म्हणून लेखिकेची मालिका बंद.' हेच तर त्यांना हवंय. सण बायकांनीच करायचा, आणि सण केला म्हणून बायकांनाच हिणवायचं.

चन्नप्पा खाली उतरला नाही. हप्ता झकास झाला.

२ जानेवारी १९७६

काल येळवस. हुरड्यात आलेली ज्वारी डोक्याएवढी उभी. पूजेच्या वेळी वहिनी सापडेना. अण्णा "शिवम्मा, शिवम्मा" करत सगळ्या पाव्हण्यांसमोर ओरडत फिरला. ती कडब्याच्या गंजीमागं पडली होती. बसल्या जागीच लवंडलेली, तोंड उघडं, पदर घसरलेला, हाताला उंड्याचं पीठ तसंच. पोरं गोळा होऊन हसायला लागली. पाव्हणेही हसले. अव्वा म्हणाली, "लक्ष्मी यायच्या टायमाला झोपली बघा आमची लक्ष्मी." अण्णानं तिला पायानं हलवून उठवलं.

पायानं! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला. तिथंच ठरवलं, हे लिहायचं. नवव्या हप्त्यात सोनाबाई गंजीमागं झोपते आणि नवरा तिला पायानं उठवतो. जगाला कळू दे.

वहिनी उठली, हात धुतले आणि पंगत वाढायला लागली. रात्रभर पोळ्या लाटत होती म्हणे.

११ जानेवारी, रविवार

नववा हप्ता काल छापून आला. शाळेत वाहवा झाली. घरी आज दुपारी वहिनी स्वतः वर आली. पहिल्यांदाच. दाराशीच थांबली, उंबऱ्याच्या आत आली नाही.

म्हणाली, "दगडाबाईनं वाचून दावलं मला. गंजीमागचं."

मी म्हटलं, "कसं वाटलं?"

"समदं हाय त्यात. पीठ बी हाय हाताला." मग म्हणाली, "तुमी माझी झोप बी लिवली की अक्का. मला वाचाया येत न्हाय म्हणून दुसऱ्याकडनं ऐकाया लागली."

मी म्हटलं, "वहिनी, ती तुम्ही नाही, ती सोनाबाई आहे."

ती हसली. "व्हय. आन् हे तुमी न्हाय, हा चन्नप्पा हाय." चहाचा रिकामा पेला उचलला आणि खाली गेली.

मला तिचा राग आला. एवढं तिच्या बाजूनं लिहायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. तेव्हापासून एक ओळ झालेली नाही. मंगळवारी शेवटचा हप्ता.

१३ जानेवारी, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं ताळ्यावर राहणार नाही.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा सुरू झालीय. शाळेला सुट्टी. अक्कलकोटकडची पाव्हणी नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी आलेली, घर भरलेलं. माझ्याकडं शेवट नव्हता आणि सहापर्यंत हप्ता द्यायचा होता. जेवायच्या आधीच कागद घेऊन वर गेले.

माडीला आतून कडी होती.

मी दार वाजवलं. आतून आवाज आला, छातीतून काढलेला. "कोण हाय? चन्नप्पा हाय आत. कामात हाय."

"वहिनी, चेष्टा नको. आज मंगळवार आहे."

"असंल की."

"कोट द्या माझा."

"कोट मामंजींचा हाय."

मी दारावर मुठी आपटल्या. शिव्या दिल्या, कानडीत आणि मराठीत. आतून पुढं काही आलंच नाही. खाली अव्वानं हाक मारली, पाव्हण्यांचं पान मांडायचं होतं. खाली गेले तर चुलीपाशी कुणी नव्हतं. परातीत पीठ, टोपलीत भाकरी नाही. बायकांपैकी घरात धडधाकट मीच. भाकऱ्या थापायला बसले. एकेक भाकरी अशी आपटत होते की अव्वा म्हणाली, परात फुटंल. पहिली करपली. दुसरी फाटली. पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "भाकरी जाड झाली गं." मी म्हणणाऱ्याकडं असं पाहिलं की त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

हात भाजला. चुलीपुढं बसून पाठ अशी भरून आली की सरळ होईना. दुपार झाली तसा डोळ्यांवर गुंगीचा पडदा यायला लागला. सुपात डोकं टेकावंसं वाटलं.

तेव्हाच ते सुचलं. पाट ओढला, परातीशेजारी कागद ठेवला आणि पिठाच्या हातानं लिहायला लागले. मध्ये कुणी पाणी मागितलं, दिलं. कुणी चटणी मागितली, दिली. परत लिहिलं. सोनाबाई नवऱ्याचा कोट खुंटीवरून काढते, अंगात घालते, माडीत जाते आणि आतून कडी लावते. आत ती काय करते ते मला लिहिता येईना. मी खाली होते.

तिसऱ्या प्रहराला अण्णा झोपेतून उठला. "पाणी" म्हणाला, "चहा" म्हणाला. मग विचारलं, "शिवम्मा कुठाय?" एका पोरीनं वर बोट केलं. अण्णा तरातरा जिन्याकडं निघाला. पाव्हण्यांसमोर बायको कडी लावून बसते म्हणजे काय! दोन पायऱ्या चढला असेल नसेल.

मी कधी उठले ते मला माहीत नाही. मी जिन्यात त्याच्यापुढं होते, हातात उलथणं, अंगावर पीठ. आणि ओरडले. तोच आवाज होता, छातीतला. "वर जायचं नाही! वहिनी कामात आहे, दिसत नाही?"

"कसलं काम?"

"ते तुला आजवर कुणी विचारलंय?"

"गौरे, बाजूला हो. मला चहा पायजे."

"चूल तिथं आहे. साखर डाव्या फळीवर. पत्ती कुठं असते ते शोध."

 एक म्हातारा पाव्हणा हळूच हसला आणि अण्णानं बघितल्यावर खोकला. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. तिथं त्याला कोण दिसलं कोण जाणे. चपला घातल्या आणि चहा प्यायला बाहेर हॉटेलात निघून गेला. अव्वा पुटपुटली, "अगदी अप्पांवाणी वराडली." मी परत चुलीपाशी जाऊन शेवटची ओळ लिहिली. 

हिंदुरावांच्या टेबलावर कागद ठेवला तेव्हा सहा व्हायला थोडाच अवकाश होता. त्यांनी पीठ झटकून उभ्या उभ्या वाचलं. "हे काय? कडी लागली आणि संपलं? आत काय होतं?"

"मला माहीत नाही."

"लेखिकेलाच माहीत नाही?"

"नाही. तुम्हाला माहीत असेल तर चौकटीत छापा."

घरी आले तर दिवे लागले होते. माडीचं दार उघडं होतं. वहिनी खाटेच्या कडेला बसली होती, कोट अंगात, केस विस्कटलेले, गालावर उशीच्या शिवणीचा वळ. मी टेबलाकडं बघितलं. कागद कोरे होते, दौतीचं झाकण बंद होतं. सकाळपासून मी धरून चालले होते की ती लिहितेय. कानडीत काहीतरी, मला वाचता येणार नाही असं. जिन्यात त्याच्यासाठीच भांडले होते.

"काय केलंत दिवसभर?"

"झोपले," ती म्हणाली. "लई झोपले, अक्का. मधी एकदा तुमचा आवाज आला. म्हटलं, हाय कुणीतरी जिन्यात. परत झोपले."

आधी मला राग आला. तिच्यासाठी घर अंगावर घेतलं, आणि ही झोपली! मग तिचा चेहरा पाहिला. अकरा वर्षांत मी तो चेहरा झोप झालेला पाहिला नव्हता. मला रडू आलं आणि राग काही गेला नाही, दोन्ही एकदमच. आता तो राग कुणावर ठेवायचा ते मला कळत नव्हतं. खाली बसले. ती म्हणाली, "हात भाजला की तुमचा." मी म्हटलं, "हो." 

मग तिनं कोट काढला. मी हात पुढं केला. तिनं तो मला दिला नाही आणि खुंटीलाही लावला नाही. नीट घडी घातली, काखेत घेतली आणि जिन्याकडं निघाली.

"वहिनी, कोट."

"मी ठेवते माझ्या ट्रंकेत," ती म्हणाली. "तुमास्नी आता लागत न्हाय की."

दाराशी वळून म्हणाली, "आन् उद्यापास्नं दुपारी मला शिकवायचं. क पास्नं. दुपारी घरात कुणी हाक मारली तर वराडायचं काम तुमचं."